ट्रान्स्फर केस निघाली त्याची गोष्ट

आधी चहा घ्या. घोट घशाखाली उतरला की मग सांगतो. मागच्या खेपेला ही गोष्ट ऐकताना एका पाहुण्याच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचं धोतर आम्हाला धुवावं लागलं.

लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी अख्खा ट्रक पाडून घेतला! तोही घरच्या अंगणात, लिंबाच्या सावलीला.

बहात्तरचा दुष्काळ सरून थोडी वर्षं झाली होती. मी फौजेतून परत आलो होतो आणि फलटणला एका सरकारी ऑफिसात जीपचा ड्रायव्हर म्हणून चिकटलो होतो. घरापासून ऑफिस सायकलवर. दुपारी घरची भाकरी, संध्याकाळी कालव्यात डुबकी, झोपायला आपलीच बाज. सांगा, ह्याहून जास्त माणसाला काय लागतं? मरेन पण फलटण सोडणार नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

बायकोचं, म्हणजे हौसाचं, मत वेगळं होतं. तिचं माहेर आटपाडीकडचं. तिचे वडील, त्यांना मी मामा म्हणतो, मेंढरंवाले. दरसाल दिवाळी झाली की कळप घेऊन ते आमच्याकडच्या ओल्या रानात यायचे, आमच्याच वावरात मेंढरं बसवायचे. रानाला लेंडीखत मिळायचं, मेंढरांना चारा. आणि जाताना म्हातारा एकच वाक्य टाकून जायचा.

"पावनं, आमच्याकडं ट्रान्स्फर करून घ्या की. लेक डोळ्याम्होरं ऱ्हाईल."

मेव्हणा फौजेत होता. त्यामुळे इंग्रजीतला हा एवढा एक शब्द मामांना पक्का ठाऊक होता.

मी म्हणायचो, "बघू."

हौसा म्हणायची, "तुमचं बघू म्हंजी न्हाईच."

खरं होतं तिचं.

आता ट्रककडे येतो. त्या साली मी थोरल्या भावाला, आण्णाला, भरीला घातलं आणि मिलिटरीच्या लिलावातला एक जुना ट्रक घेतला. चारी चाकांना ओढ असलेला! फडातल्या चिखलातून ऊस बाहेर काढावा तर त्यानंच. चार दिवस गाडी झकास पळाली आणि पाचव्या दिवशी खालून खडखड सुरू झाली. मी कान लावला, डोळे मिटले आणि डॉक्टरच्या थाटात सांगितलं, "आण्णा, ट्रान्स्फर केस गेली."

"ही काय भानगड रं?"

"गिअरबॉक्सच्या मागं लोखंडी पेटी असती. इंजनाची ओढ मागल्या चाकास्नी बी देती आन् पुढल्या बी. ती काढून आटपाडीला न्यायची. तिथं फौजेतला एक जुना मिस्त्री हाय, त्योच दुरुस्त करंल."

"मग गाडीच न्हेऊ की आटपाडीला. त्योच काढंल."

बघा, किती सरळ विचार! पण मला फौजेची खुमखुमी. "आण्णा, मी बर्फात गाड्या चालवल्यात. एवढी एक पेटी काढाया मिस्त्री कशाला? घरीच काढतो!"

चालवल्या होत्या हे खरं. उघडल्या कधीच नव्हत्या. उघडणारी माणसं वेगळी असायची, आणि ती मला गाडीजवळ उभंसुद्धा राहू द्यायची नाहीत.

रविवारी सकाळी अंगावर जुनी बनियन चढवून ट्रकखाली शिरलो. चाकांकडे जाणारे शाफ्ट, म्हणजे लांब दांडे, सोडले, पेटीचे नट काढले, पेटी हलली. मला वाटलं, जेवायच्या आत बाहेर. पण कसलं काय! पेटी बोटभर मागं यायची आणि थांबायची. सोडली की हलायची, ओढली की हटून बसायची. हातोड्यानं ठोकली. लोखंडी टॉमी घालून उचकटली. रॉकेल ओतलं, तेल ओतलं, शेवटी देवाचं नाव घेतलं आणि मग देवाचं नाव सोडून बाकीची सगळी घेतली.

रोज ऑफिसातून आलो की सायकल टेकवायची आणि थेट ट्रकखाली. कारखाना सुरू झालेला, गावाचा ऊस निघालेला, आणि आमचा ट्रक अंगणात बसून. "निघाली का रं?" हाच गावाचा रामराम झाला. लोक जेवढं विचारत तेवढा मी इरेला पेटे. म्हटलं, आता ह्या अंगणात ही पेटी तरी राहील, नाहीतर मी!

बोलताना माणसानं जपून बोलावं हो.

अशात मामा आले. मी ट्रकखाली उताणा, मला बाहेरची फक्त त्यांची जाडजूड पायताणं दिसत होती.

"पावनं, बरं हाय न्हवं? आवाज का असा रडका?"

"कशाचं बरं मामा! ट्रान्स्फर केस अडाकलीया."

पायताणं जागच्या जागी थांबली.

"आँ? कुनाची? तुमची?"

"मग कुनाची? माझीच की!"

"कवापास्नं?"

"लय दीस झालं. जरा हलती आन् फिरून थांबती."

"सरकारी कारभार. तेल-बिल घातलं का न्हाई?"

"लय घातलं. पर मागनं कुनीतरी धरून ठिवल्यावानी वाटतंय."

मामा म्हणाले, "मागनं म्हंजी साहेबच आसंल." पण हे मला नंतर कळलं. तेव्हा मी हातोडा हाणत होतो. त्या दणदणाटात मी आपलं म्हणालो, "व्हय व्हय, तसंच दिसतंय."

"मग वजन लावाया पायजे."

"त्येच म्हंतोय मामा! मोठं वजन लागंल. आपल्या एकट्याच्यानं न्हाई व्हायाचं."

"आन् निघाली म्हंजी कुठं न्यायची ठरवलीया?"

"कुठं म्हंजी? आटपाडीला! दुसरीकडं कुठं न्हेऊ?"

बाहेरून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, म्हाताऱ्यानं तपकीर ओढली.

"पावनं," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमी काय बी काळजी करू नगा. वजन मी लावतो."

मी मनात म्हटलं, म्हातारा आता मेंढरं जुंपतो की काय!

पायताणं स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. हौसाशी काहीतरी कुजबुज झाली. मग तीच पायताणं झपाझप रस्त्याला लागली, चहासुद्धा न घेता. कळप भावकीवर टाकून मामा मिळेल त्या गाडीनं आटपाडीला गेले, असं मागाहून समजलं. मी हौसाला विचारलं, "मामा रागावलं का काय?"

"न्हाई. काम हाय म्हनलं." आणि ती भाकरी थापत राहिली.

मामांनी वजनाचं काढलं होतं, ते माझ्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी मी आण्णाला म्हणालो, "बैलं आण."

पेटीला साखळी बांधली, साखळी बैलांच्या जुवाला. बघायला निम्मं गाव. आण्णानं विचारलं, "चाकास्नी धोंडं लावायचं का?"

"कशाला? हँडब्रेक वडलाय की! मिलिटरीचा हँडब्रेक हाय, आण्णा. हत्ती जुंपला तरी गाडी हलायची न्हाई."

आता तुमच्यात कुणी ड्रायव्हर असेल तर तो इथंच हसला असेल. त्या ट्रकचा हँडब्रेक चाकांना धरतच नव्हता हो! तो धरायचा त्याच पेटीच्या मागच्या शाफ्टला. आणि तो शाफ्ट मी सोडून भिंतीला टेकवून ठेवला होता.

"हाऽऽ हाण!"

बैलांनी मान खाली घातली. साखळी ताणली. आणि निघाला की! पेटी नाही, ट्रक. अख्खा ट्रक पेटीसकट, शांतपणे, बैलांच्या मागोमाग. अंगणाला उतार होता. बैलांनी वळून बघितलं तर हे एवढं धूड आपल्या मागं लागलंय! ती जी उधळली, ती साखळी तोडून थेट ओढ्याला. ट्रक मात्र सरळ गेला आणि आमच्या उकिरड्यात चाकांच्या आसापर्यंत रुतला.

आण्णा उकिरड्याकडे बघत म्हणाला, "हत्ती आनायचा ऱ्हायला."

मी काही ऐकून घेणारा नव्हतो. म्हटलं, उकिरड्यात तर उकिरड्यात! पोती अंथरून तिथंच खाली शिरलो. सगळ्या अंगाला शेणाचा वास. ऑफिसातले लोक माझ्यापासून लांब बसायला लागले. मला वाटलं, वासामुळेच.

एक दिवस साहेबांनी आत बोलावलं. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "तुम्ही चांगले माणूस आहात. पण एवढं वरून वजन आणायचं काय कारण होतं? मला एक शब्द बोलला असता तर मीच केलं असतं."

"काय केलं असतं, साहेब?"

"आता साधे बनू नका. तुमची ट्रान्स्फर निघाली. आटपाडी. सोमवारपासून."

मी म्हणालो, "साहेब, माझी नाही... ट्रकची निघत नाहीये..."

साहेबांनी घंटी वाजवून पाणी मागवलं.

घरी आलो तर दारात मेंढा बांधलेला. मामांच्या डोक्याला नवा पटका. उकिरड्यातला ट्रक बघत होते आणि एकटेच हसत होते. मला बघताच पुढं आले आणि मिठीच मारली, शेणासकट.

"पावनं, सुटली का न्हाई? आमच्या आमदाराच्या दारात दोन दीस बसून ऱ्हायलो. म्हनलं, आमच्या समद्या भावकीची मतं तुमाला दिली, आता माझ्या जावयाची तेवढी केस सोडवा. बिचारा तेल घालून घालून दमलाय! लेकीच्या मायेपाई निघालाय आटपाडीला, आन् मागनं साहेब धरून बसलाय!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी ट्रकखालून मामांशी काय काय बोललो होतो ते एकेक आठवलं.

मी तोंड उघडलं. "मामा, आवं ती केस..."

"काय बी बोलू नगा," म्हातारा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "जावई लय बघितलं. पर बायकूच्या म्हायाराकडं आपनहून बदली मागनारा जावई आमच्या मुलखात न्हाई झाला. म्हातारीला सांगितलं तवा रडायाच लागली. लेक दारात दिसंल म्हनली."

फलटण गेलं, कालवा गेला, बाज गेली, आणि समोर हा म्हातारा आनंदानं रडतोय. मी म्हणालो, "व्हय मामा. लेकीसाठीच की."

हौसा दारात उभी होती. पदर तोंडाला लावून. मला वाटलं, तीही रडतेय.

सगळा राग मग ट्रकवर. खाली शिरलो आणि त्या पेटीच्या ढुंगणावर लाथ घातली. पेटीच्या मागं वाटीएवढं एक झाकण होतं. ते खणकन वाजलं. आजवर शेणामातीखाली मला ते दिसलंच नव्हतं! दोन-चार नट सोडले, झाकण निघालं, आणि आत बघतो तर गिअरबॉक्समधून आलेल्या दांड्यावर एक भलामोठा नट आवळलेला. मागून धरून ठेवणारे साहेब ते हेच! तो नट सोडला आणि पेटी अलगद, लोण्यातून सुरी निघावी तशी माझ्या छातीवर आली.

सोमवारी आम्ही दोघंही निघालो. एसटीच्या टपावर पेटी, खाली मी. आटपाडीच्या मिस्त्रीनं ती उघडली, आत हात फिरवला आणि म्हणाला, "ह्यात काय बी बिघाड न्हाई. चाकाकडलं काय तरी वाजत आसंल."

म्हणजे काढायची गरजच नव्हती. तिचीही आणि माझीही.

असो. आटपाडीत नोकरी केली, रुळलो. सासरवाडीत माझा मान असा, की लग्नकार्यात पहिलं ताट मला. नव्या जावयांना मामा माझं उदाहरण द्यायचे, आणि ते जावई माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघायचे. मामा गेले तेव्हा शेवटपर्यंत त्यांना हेच ठाऊक होतं, आणि मला त्याचं बरंच वाटतं. खोटं का बोलू?

मध्यंतरी असाच चहा पिताना मी हौसाला म्हटलं, "तुला आज एक खरं सांगतो. तुझ्या आबाला त्या येळेला ऐकण्यात चूक झाली. मी ट्रकातल्या पेटीचं बोलत हुतो."

ती कप विसळत होती. वळूनसुद्धा बघितलं नाही.

"आवं, आबा बी तेवढं खुळं नव्हतं. त्यास्नी शंका आलीच. सैपाकघराच्या दाराशी यून मला इचारलं की, 'हौसे, ही ट्रान्स्फर गाडीतली का नोकरीतली?'"

"मग? तू काय म्हनलीस?"

"म्या म्हनलं, नोकरीतली."