नानांची फिर्याद

वेसाव्याच्या धक्क्यावर मढला जाणाऱ्या होडीपाशी कुणी कुत्रं घेऊन आलं, की नाना गुप्ते उठून त्याच्यासमोर उभे राहत आणि विचारत, "दोघंही परत येणार ना?" ओळख असो वा नसो. काही जण हसत, काही शिव्या देत. एखादा मात्र खाली मान घालून कुत्र्यासकट घरची वाट धरी.

आमच्या अंधेरीत तेव्हा एक सोयीस्कर समजूत होती, की खाडीपलीकडे सोडलेलं कुत्रं परत येत नाही. घरात बाळ आलं, बदली झाली, कुत्रं म्हातारं झालं, की घाला होडीत. नाना कोर्टात कारकून होते. कुत्र्यावर उकळतं पाणी ओतणारा गृहस्थ दंड भरून, बाहेर पान खाऊन निघून गेलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. "दंड भरून माणूस घरी जातो," ते म्हणत. "कुत्र्याला घर कुठलं?" निवृत्त झाल्यावर त्यांनी ध्यासच घेतला. अशा लोकांना कैद व्हावी, असा अर्ज सरकारकडे धाडायचा म्हणून ते दारोदार सह्या मागत. कुत्र्यांची दया सगळ्यांनाच यायची. 'कैद' म्हटलं, की मात्र ज्याला त्याला चुलीवरचं दूध आठवायचं.

नानी गेल्यापासून त्यांचं बोलणं बहुतेक टिप्याशीच होई. टिप्या म्हणजे त्यांचा गावठी कुत्रा. त्याला ते सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवत. मी एकदा थट्टा केली, तर म्हणाले, "तो तुझ्यासारखा मध्ये बोलत नाही."

पुढे त्यांच्या मुलाला, वसंताला, मुलगी झाली. टिप्या एकदा पाळण्याजवळ गुरगुरला आणि सूनबाई धास्तावली. नाना एका लग्नासाठी पुण्याला गेले होते. परतले, तर टिप्या नाही. पळून गेला, असं वसंताने सांगितलं. पण होडीवाल्याकडून खरं कळायला कितीसा वेळ लागणार? नाना त्याच होडीने मढला गेले. कोळीवाड्यात घरोघर विचारलं, सगळा किनारा पालथा घातला. टिप्या सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोटच्या पोरावर फिर्याद केली. सगळी आळी समजूत घालायला आली, माझे वडीलही गेले. नाना म्हणाले, "लोकांच्या मुलांना कैद मागत हिंडतो मी. माझं तेवढं वगळून मागू?"

वसंताने कोर्टात गुन्हा कबूल केला. किरकोळ दंड झाला. तेव्हा नाना उठून म्हणाले, "साहेब, हे कमी झालं." कायद्यात याहून जास्त बसत नाही, असं मॅजिस्ट्रेटनी समजावलं. वसंताने दंड भरला आणि बायको-मुलीला घेऊन घाटकोपरला वेगळं बिऱ्हाड केलं. नातीचं तोंड पुन्हा पाहणं नानांच्या नशिबी नव्हतं. आळीतल्या लोकांनीही त्यांच्या ओट्यावर बसणं सोडलं.

वसंता माझा शाळेपासूनचा दोस्त. मला नानांचा मनापासून राग आला होता. एका संध्याकाळी ते एकटेच ओट्यावर बसले होते, घरात दिवाही लावला नव्हता. मी सरळ विचारलं, झाली असती त्याला कैद, तर तुमच्या पदरात काय पडलं असतं?

नाना रागावले नाहीत. म्हणाले, "रोज डबा नेला असता रे त्याला. सुटायच्या दिवशी दाराशी उभा राहिलो असतो, घरी घेऊन आलो असतो. कैद कधी तरी संपते. हे कधी संपायचं?"

मला रडू आलं, म्हणून मी शेजारी आमच्या घरात निघून गेलो. नंतर आईने त्यांना जेवायला बोलावलं, तर भूक नाही म्हणाले.

ते गेले तेव्हा अग्नी द्यायला वसंता आला. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही दोघंच उरलो. तो म्हणाला, "आत टाकायला निघाले होते ना मला?"

"हो, निघालेच होते," मी म्हणालो आणि डब्याचं सांगितलं.

वसंता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "हे त्यांनी मला सांगायचं ना."

"तू आला असतास, तर सांगितलं असतं."