तुळसामायचं प्रमाणपत्र

मी केलेलं पहिलं भांडं तुळसामायने चाकावरून उतरवलं, दोऱ्याने उभं चिरलं आणि दोन्ही फाकी माझ्यासमोर धरल्या. "आत पाह्य. बुड जाडं, कड पातर. बाहेरून तं सारेच साजरे दिसतेत." मग त्या फाकी चुरगाळून ओल्या मातीत टाकून दिल्या. तीन महिने माझं एकही भांडं भट्टीपर्यंत पोचलं नाही.

गोरेगावजवळच्या खेड्यात तिचं घर. मी फुलचूरची, गणिताची निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर खडूशिवाय हाताला काही लागलं नव्हतं. आठवड्यातून तीनदा स्कूटीवरून तिच्याकडे शिकायला जायचे. पहिला महिना तिने मला चाकाला हात लावू दिला नाही. बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, माती आणायची, खडे वेचायचे, पायांनी तुडवायची. कंटाळून मी विचारलं, "माय, चाकावर कधी बसवणार?"

"कायले घाई करून राहिली? तू पोराईले पहिल्याच दिवशी भागाकार शिकवत होती का?"

तिला स्वतःला कोणी शिकवलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा दोन लेकरं पदरात होती. जातीतल्या जाणत्यांनी बजावलं, बाईने चाकाला शिवू नये. ती म्हणाली, "मंग तुमी येऊन माह्या लेकराईले जेवू घाला." कोणी आलं नाही. नवऱ्याकडे पाहून पाहून डोळ्यांत साठलेलं तिने हातांत उतरवलं, आणि जन्मभर चाक सोडलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका संस्थेने गोरेगावात कुंभारकामाचं दहा दिवसांचं शिबिर ठरवलं. संयोजक तिला बोलवायला आले तेव्हा मी तिथेच होते. शिकाऊ म्हणून मीही हौसेने नाव दिलं. पहिल्या दिवशी जाऊन पाहते तर फलकावर 'प्रशिक्षक' म्हणून माझं नाव! तुळसामायला त्यांनी मागच्या बाजूला माती मळायला बसवलं होतं.

"अहो, शिकवणाऱ्या त्या आहेत," मी म्हटलं.

"मॅडम, उनके पास कागज नहीं है ना," संयोजक हसत म्हणाले. "तुम्ही पदवीधर आहात. नियमच आहे तसा."

"मला अजून धड वाटी जमत नाही!"

"चालते हो. दहा दिवसांचं तर आहे."

तेवढ्यात तुळसामाय उठली. विजेचं चाक कसं सुरू करतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिने एका मुलीला बटण दाबायला लावलं आणि बसली. तिच्या तळव्यांत गोळा वर चढला, रुंदावला, आणि बघता बघता सुरईची मान निघाली. सगळे भोवती जमले, फोटो निघाले. हात पुसत ती संयोजकांना म्हणाली, "माहा कागद हा आहे. वाचता येते तं वाचा." आणि चालू पडली. मीही तिच्यामागे निघाले.

दोन महिन्यांनी टपालाने तिच्या नावाचं प्रमाणपत्र आलं. तिने ते माझ्या हातात दिलं. मी वाचलं, "श्रीमती तुळसाबाई यांनी कुंभारकामाचे प्राथमिक प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले." खाली प्रशिक्षक म्हणून माझं नाव छापलेलं.

"आखीन एक डाव वाच."

मी वाचलं.

"म्हंजे तू मले शिकवलं?"

संस्थेत मी तीनदा गेले, लेखी तक्रार दिली. अहवाल पाठवून झाला, आता बदल होत नाही, एवढंच उत्तर. जिच्या हातात अख्खी विद्या होती, तिला कागदावर अडाणी ठरवून हे लोक मोकळे झाले! तुळसामाय माझ्यावर रागावली नाही. "माती मळ," एवढंच म्हणाली. माझा राग मात्र अजून गेलेला नाही.

या उन्हाळ्यात ती वारली. घरी गेले तर भिंतीवर तेच प्रमाणपत्र, चौकटीत, हार घातलेलं.

"अरे, हे खोटं आहे. काढ ते," मी तिच्या मुलाला म्हटलं.

तो गोंधळला. "बाई, मायचा फोटू येवढाच आहे आमच्यापाशी."

प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात शिबिरातला फोटो छापलेला होता. चाकावर ती, आणि तिच्या बोटांत सुरईची मान.

मी चौकट उतरवली, कागद बाहेर काढला. प्रशिक्षकाच्या जागचं माझं नाव खोडून तिचं लिहिलं. तिचं होतं तिथे माझं.

"छापील कागदावर असं चालते का, बाई?" त्याने विचारलं.

"नाही चालत," मी म्हटलं, आणि खाली सही केली.