पांढरी साडी आणि दोन नमस्कार

पांढऱ्या साडीची ती केस माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी ठाण्यात नोकरी केली ती झाडलोटीची आणि चहापाण्याची. अधिकारी मी कधीच नव्हते. पण निवृत्त झालेले साहेब लोक आपापल्या केसेस लिहितात. तशी एक केस माझ्याजवळही आहे, आणि तिच्यात फिर्यादी मी स्वतः होते. म्हणून लिहिते. नाव मात्र कोणाचंच लिहीत नाही.

आमचं ठाणं मूर्तिजापूरकडचं. ठाण्यात सगळे मला मावशी म्हणत. मी फार बोलत नसे. चौथीपर्यंत शिकले, नंतर शेतात गेले, लग्नानंतर इथे लागले. ठाण्यात न बोलणाऱ्या माणसाला पुष्कळ ऐकू येतं. कोणाची सायकल गेली, कोणाची सून निघून गेली, कोण खोटं सांगतो, हे मला पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता कळत असे. खोटं बोलणारा माणूस पाणी एका घोटात पितो. खरं सांगणाऱ्याचं पाणी तसंच राहतं.

त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने ठरवलं, जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्या बायांनी एकसारखी साडी नेसायची. पांढरी, निळ्या काठाची. मंडळातल्या एका बाईने फोनवर एका दुकानाचं पान दाखवलं. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली तीच साडी, बाजारापेक्षा स्वस्त, पत्ता सूरतेचा. जास्त साड्या घेतल्या तर आणखी सूट, पण पैसे आधी भरायचे. घरी आल्यावर पैसे द्यायची सोय नव्हती. तिथेच शंका यायला पाहिजे होती. पण पानावरच्या नंबरला फोन लावला तर पलीकडून आवाज आला, "जय भीम ताई. बोला."

संपलं. आमच्या म्हातारीने, म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष आजीने तिथेच निकाल दिला. "जय भीम म्हनते म्हंजे आपलाच असन. आपला मानूस आपल्याले काय फसवन?"

पैसे कोणाकडे जमा करायचे, हा दुसरा प्रश्न. सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या.

"हिच्याजवळ द्या. हे पोलीस ठाण्यात असते. हिले कोन फसवते?"

मी नाही म्हणू शकले नाही. मला नाही म्हणायलाही लाज वाटायची. कोणी मजुरीतले दिले, कोणी बचत गटातले उचलून दिले. मी ते बँकेत भरले आणि फोनवरून त्या दुकानदाराला पाठवले. त्याने लगेच पावतीचा फोटो धाडला. मी तो सगळ्यांना दाखवला.

जयंती जवळ आली. साड्या येईनात. एक दिवस सकाळी, मी ठाण्याचा व्हरांडा झाडत होते, तेव्हा त्याचा फोन आला.

"जय भीम ताई. तुमचं पार्सल अकोल्याच्या गोदामात अडकलं ना. टॅक्स भरा लागते. आजच भरा, नाई तं माल वापस जाईन. टॅक्सचे पैसे तुमाले वापस भेटतीन."

मी म्हटलं, "भरते." माझ्या स्वतःच्या खात्यात थोडे होते. दुपारचा चहा झाला की भरायचे, असं मी ठरवलं.

दुपारी बार्शीटाकळीकडचा एक कास्तकार आमच्या ठाण्यात आला. सासुरवाडी आमच्या हद्दीत, आणि पैसे त्याने सासऱ्याच्या फोनवरून भरलेले, म्हणून इकडे आला होता. फोनवर पाहून त्याने कपाशीवर फवारायचा बॅटरीचा पंप मागवला होता. पंप आला नाही. हवालदार साहेब त्याचं ऐकत होते.

"दुकानदार कोण होता?"

"चांगला मानूस वाटला, साहेब. फोन उचलला की राम राम दादा म्हने. म्हने, मी बी कास्तकाराचाच पोरगा हावो."

"मग?"

"मंग म्हने पार्सल अकोल्याच्या गोदामात अडकलं. टॅक्स भरा, वापस भेटते. भरला. मंग म्हने पैसे वापस घ्याचे तं हा कोड स्कॅन करा अन् तुमचा पिन टाका. टाकला. खातं साफ झालं."

"अरे, पैसे घ्यायला पिन टाकावा लागतो का कधी? पिन टाकला की पैसे जातात. केव्हाची गोष्ट?"

"झाले बरेच दिवस. घरी सांगाची लाज वाटे."

हवालदार साहेबांनी पेन खाली ठेवलं. "लाज वाटे. आता त्या खात्यात काय राहिलं असन? लवकर आला असता तं बँकेनं पैसे अडवले असते."

त्याच्यापुढचा पाण्याचा ग्लास तसाच भरलेला होता.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. गोदाम तेच, टॅक्स तोच, वापस भेटण्याची गोष्टही तीच. फक्त नमस्कार वेगळा. मला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. साड्या येणार नाहीत, आणि वस्तीतल्या सगळ्या बायांनी ज्या तोंडाकडे पाहून पैसे दिले ते तोंड माझं आहे.

त्या ठाण्यात मी मान वर करून कधी बोलले नव्हते. आता बोलायचं तर सगळ्यांसमोर. ठाण्यातली मावशीच फसली, हे वर्षभर चघळलं जाणार, हेही माहीत होतं. पण लाजेने दिवस घालवले तर काय होतं, ते त्या कास्तकाराच्या रूपाने समोरच बसलं होतं. मी ट्रे टेबलावर ठेवला.

"साहेब, तो मानूस आज सकाळी माह्याशी बोलला."

हवालदार साहेबांना वाटलं मी त्या कास्तकाराविषयी बोलते. "कोण, हा?"

"नाई. तो चोर. मले जय भीम म्हनते."

एक शिपाई हसला. "घ्या. आता पोलिसाइच्या घरीच चोरी." पण आतल्या खोलीतून आमच्या पीएसआय मॅडम बाहेर आल्या होत्या. त्या साताऱ्याकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी त्या शिपायाकडे नुसतं पाहिलं. तो रजिस्टर उघडून बसला.

मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर मी रोज फडकं मारायची, बसले कधी नव्हते. त्यांनी पहिल्यांदा काही विचारलं नाही. आधी सायबरच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला, माझ्या फोनमधून व्यवहाराचा नंबर वाचून दाखवला. मग म्हणाल्या, "मावशी, काहीही पुसायचं नाही. त्याचे मेसेज, पावतीचा फोटो, ते दुकानाचं पान, सगळं राहू द्या. तोच पुरावा आहे." त्यांनी फिर्याद लिहून घेतली, मला मोठ्याने वाचून दाखवली, मग सही घेतली.

संध्याकाळपर्यंत बँकेकडून कळलं, काही रक्कम निघून गेली होती, काही त्या खात्यात सापडली आणि अडवली गेली. खातं एका मजूर माणसाच्या नावावर होतं. त्याने ते भाड्याने दिलं होतं. घेणारा कोण, ते त्याला माहीत नव्हतं. त्या वाटेने शोधायचं तर वेळ लागणार होता. पण चोर अजून माझ्या टॅक्सची वाट पाहत होता.

"त्याचा फोन येईलच," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही नेहमीसारखं बोला."

"मी नेहमी बोलतच नाई, मॅडम."

"मग तेच करा."

फोन आला. मॅडमनी स्पीकर लावला. तो टॅक्सचं बोलत राहिला. मी गप्प. माणूस गप्प राहिला की बोलणाऱ्याला घाई होते, हे मी ठाण्यातच पाहिलं होतं. शेवटी तो म्हणाला, "ताई, ऐकून राहिल्या ना? काय अडचन हाये?"

मॅडमनी शिकवलेलं मी बोलले. "बायाइनं आनखी साड्या सांगतल्या. पैसे रोख आले. मले फोनवर एवढे भरता येत नाई."

पलीकडचा आवाज एकदम गोड झाला. "काई हरकत नाई ताई. आपला मानूस अकोल्यात हाये. त्याले मूर्तिजापूरच्या स्टेशनवर पाठवतो. त्याच्याजवळ द्या."

मॅडमनी मूठ आवळली. त्या ठाण्यात आल्यापासून त्यांना आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. सूरतेचा पत्ता देणारा माणूस एका फोनवर अकोल्याला आला होता.

सापळा लावला. स्टेशनवर अरुंद रुळाच्या जुन्या शकुंतला गाडीच्या फलाटाकडे मी पिशवी घेऊन उभी राहिले. पिशवीत वर्तमानपत्राचे कापलेले कागद होते. त्याने आम्हाला नसलेल्या साड्या विकल्या, आम्ही त्याला नसलेले पैसे देणार होतो. दोन पंच बाकावर शेंगा खात बसले होते, मॅडम साध्या कपड्यात पाठमोऱ्या उभ्या होत्या. खूण एवढीच होती की, माणूस तोच आहे असं वाटलं तर मी पिशवी खाली ठेवायची. तिथून हलायचं नाही, हे मी स्वतःला सांगून आले होते.

चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस आला. इकडे तिकडे पाहून म्हणाला, "जय भीम ताई."

मी पिशवी खाली ठेवली. 'आपला माणूस' कोणी नव्हताच. आवाज तोच होता. रोख पैशासाठी त्याचा दुसऱ्या कोणावर विश्वास बसला नव्हता.

ठाण्यात आणल्यावर तो डगमगला नाही. पाणी एका घोटात प्याला. म्हणाला, "मी फक्त पैसे घ्याले आलो. मालक सूरतेले हाये." मॅडम विचारत राहिल्या, तो तेच सांगत राहिला. मग मला खोलीत बोलावलं. मला पाहताच तो हात जोडून म्हणाला, "ताई, जय भीम. तुमी तं आपल्या समाजाच्या. मी गरीब मानूस, मले फसवलं त्याइनं. तुमी सांगा ना मॅडमले."

त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं. खोटं कशाला लिहू, मला क्षणभर कीव आली.

तेवढ्यात मॅडमनी निरोप धाडून बोलावलेल्या त्या कास्तकाराला आत आणलं. त्याला माझ्या शेजारी उभं केलं. मग त्या चोराला म्हणाल्या, "हे दोघंही तुझे गिऱ्हाईक. घाल नमस्कार."

त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझ्याकडे पाहिलं, कास्तकाराकडे पाहिलं. एकाला म्हणायचं ते दुसऱ्यासमोर म्हणता येईना.

"बोल ना रे," कास्तकार म्हणाला. "फोनवर तं लय राम राम करे. आता काहून तोंड शिवलं?"

तो खाली बसला. पुढचं सगळं त्याने आपणच सांगितलं. पानं किती, कोणत्या पानावर कोणता देव, कोणता महापुरुष, कुठे कसा नमस्कार, सगळं ठरलेलं. त्याचा समाज कोणता होता, ते मी विचारलं नाही. चोराचा समाज विचारून काय करायचं?

अकोल्याच्या त्याच्या खोलीवर पंचनामा झाला. फोन मिळाले, सिमकार्डं मिळाली, आणि दाराच्या खिळ्याला टांगलेली एक पांढरी साडी मिळाली, निळ्या काठाची. आमच्या सगळ्या साड्या म्हणजे ती एक साडी. तिचाच फोटो काढून तो गावोगाव विकत होता. ती घडी करून, सील लावून मुद्देमालात जमा झाली.

आता माझं खरं काम राहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मी येते वस्तीत, मी सांगते." मी म्हटलं, "पैसे मी घेतले, मीच सांगते." विहारात सगळ्या बाया बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. साड्या येणार नाहीत. काही पैसे बँकेत अडवले आहेत, ते कोर्टाच्या हुकुमाने मिळतील, जयंतीच्या आधी नाही. बाकीचे मी पगारातून फेडीन.

एक शेजारीण बोललीच. "पोलीस ठाण्यात राहून फसली व माय? मंग आमी कोनाकडं पाहाव?"

उत्तर अध्यक्ष आजीने दिलं.

"तिले कावून बोलतं? आपलाच असन, हे कोन म्हटलं होतं? म्या. मंग तिनं एकटीनं कावून फेडाव? तिनं त्याले धरून तरी देल्लं. तुह्या घरी त्या डब्यातून मिक्सरच्या जागी काय निंगालं होतं, सांगू?"

शेजारीण खाली पाहू लागली. मग आपणच म्हणाली, "ईट निंगाली होती." बाया हसल्या. मग दुसरीने सांगितलं, तिच्या नावाने न मागवलेलं पार्सल आलं, लेकाने मागवलं असेल समजून तिने पैसे दिले, आत चिंध्या होत्या. तिसरीचंही निघालं. सगळ्यांनी गिळून ठेवलं होतं. तो चोर आमच्या भोळेपणावर जगत होता, त्याहून जास्त आमच्या गप्प बसण्यावर जगत होता. त्या दिवसापासून मंडळात ठरलं की फोनवरून काही घ्यायचं तर माल हातात पडल्यावर, उघडून पाहून पैसे द्यायचे. आणि फसलीच कोणी तर घरी नंतर, ठाण्यात आधी.

मी ठाण्यात एवढ्या केसेस पाहिल्या, पण माणसाची ओळख त्याच्या नमस्कारावरून करायची नाही, हे मला या केसने शिकवलं. नमस्कार फुकटचा असतो, कोणीही घालतो.

तरी जयंतीच्या दिवशी एक गोष्ट मी ठरवून केली. बायांनी घरातल्याच पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या, कोणाला निळा काठ, कोणाला लाल, कोणाला काठच नाही. मिरवणुकीत ओळखीचे, अनोळखी, येणारे जाणारे हात जोडून म्हणत होते, "जय भीम ताई." दर वर्षी मी नुसती मान हलवायची. त्या दिवशी प्रत्येकाला मोठ्याने उत्तर दिलं, आवाज बसेपर्यंत. तो शब्द आमचा होता. मुद्देमालात जमा झाली होती ती फक्त साडी.