मामाची अकरा चित्रं

आमचा मामा तसा गरीब गाय. आर्किटेक्टच्या ऑफिसात एकतीस वर्षं त्याने नकाशे काढले आणि रविवारी जलरंगात चित्रं: पूल, गोदामं, दोरीवर वाळणारी चादर. सही कधी करायचा नाही. "हात ओळखू येतो की," म्हणायचा.

ती चित्रं ऑफिसात लावतो म्हणून साहेब मागून घ्यायचे. मामा हुरळून देऊन टाकायचा.

तो रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी साहेबांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. मी मामाला हौसेने घेऊन गेले. भिंतीवर सगळी मामाचीच चित्रं. अकरा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात साहेबांची लफ्फेदार सही.

दुसऱ्या दिवशी रंगपेटी, कागद आणि वाडगाभर पाणी घेऊन मामा भर गर्दीत साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, ती समोरची खिडकी काढून दाखवा. एवढीच."

"आत्ता? इथे?"

"मला घाई नाही."

लोक गोळा झाले. साहेबांना नाही म्हणायची सोय उरली नाही. त्यांनी निळा लावला, तो ओला असतानाच वर पिवळा, मग तपकिरी. कागदावर नुसता चिखल झाला. कोणीतरी फिसकन हसलं.

"चल मामा, कळलं सगळ्यांना," मी म्हटलं.

"पुरी होऊ दे खिडकी."

मग मीच त्याला खुर्ची आणून दिली. तासभर तो ढिम्म हलला नाही.

आठवड्याने साहेब अकराही चित्रं घेऊन दारात आले. "चुकलं माझं. तुझी चित्रं तू ठेव."

मामाने त्यांना आत बोलावलं नाही. काचा उतरवल्या आणि एकेक चित्र अंगणातल्या नळाखाली धरलं.

"अरे, वेडा झालास का? सहीपुरता कोपरा काप ना!" साहेब रडकुंडीला आले.

"बघत उभे राहा."

पूल वाहून गेला, चादर गेली. कागदावर फिकट डाग तेवढे उरले. मामी तोंड फिरवून आत गेली. मला त्याचा हात धरता आला असता. मी नळ मोठा सोडला.

काही वर्षांनी साहेब वारल्याची बातमी आली. मामी म्हणाली, "आता तरी जाऊन या."

मामाने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"चहा टाक," म्हणाला.