जिभेवर पास झालेलं इंजिन ऑइल

आमच्या उरणकडच्या गावात माणसं कमी आणि चाकं जास्त. मिठागरं गेली, बंदर आलं, आणि आम्ही मीठ सोडून कंटेनर वाहायला लागलो. हल्ली सोयरिकीला आलेले पाहुणे मुलाचं शिक्षण नंतर विचारतात, आधी अंगणातल्या ट्रेलरचे टायर दाबून बघतात. मिठागरं गेली तरी माझ्या चुलत्यांचं बोट मात्र शिल्लक राहिलं.

हे बोट म्हणजे गावाची प्रयोगशाळा. तरुणपणी चुलते वाफ्यातल्या खाऱ्या पाण्यात ते बुडवायचे, अंगठ्यावर घासायचे, जिभेला लावायचे आणि मीठ कधी धरणार ते सांगायचे. एकदा म्हणे त्यांनी नुसतं बोट रोखलं आणि पाणी घाबरून जागच्या जागी मीठ झालं. मी पाहिलेलं नाही. पण गावात न पाहिलेल्यांचंच बहुमत आहे. मिठागरांबरोबर बोट निवृत्त व्हायला हवं होतं, ते इंजिन ऑइलमध्ये शिरलं. कोणीही तेलाचा नवा कॅन उघडला की आधी चहाच्या ग्लासात थोडं तेल चुलत्यांच्या ओटीवर. बोट, अंगठा, जीभ, थू! जाड पाण्याचं मीठ चांगलं, म्हणून जाड तेलाचं इंजिन चांगलं. जाड ते पास, पातळ ते नापास. या विद्यापीठात तिसरा निकाल नाही.

माझ्या नव्या ट्रेलरचं तेल पहिल्यांदा बदलायचं होतं. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या दर्जाचं तेल सोडून भलतंच ओतलं तर वॉरंटी गेली, आणि नव्या गाड्यांत धूर गाळायची जी जाळी असते ती चोंदली तर तिच्या खर्चात घर विकून वर मलाही विकावं लागलं असतं. सर्व्हिस सेंटरवाले त्या दर्जाचं तेल केशर घातलेल्या तुपाच्या भावाने देतात. मी हायवेवरच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा कॅन आणला. पाठीवर तोच दर्जा, ट्रेलर बनवणाऱ्यांची मान्यताही छापलेली, आणि किंमत माणसात बसणारी.

अडचण एकच. गाडी माझी, पण चालवतो चुलतभाऊ, आणि बापाने पास केल्याशिवाय तो चावीला हात लावत नाही. म्हणून मी दोन ग्लास घेऊन गेलो. एकात माझं तेल, दुसऱ्यात नवा ट्रेलर घेतलेल्या शेजाऱ्याकडून मागून आणलेलं सर्व्हिस सेंटरचं.

"काय रं, ताक आनलंस काय?" चुलते म्हणाले.

"काका, इंजिन ऑइल हाय."

"ह्ये? ह्यात भाकर बुडवली तरी सुकीच निंगंल."

दोन्ही चाखून झाली. थू, थू! "दोनी एकाच म्हशीची. दोनी पानचट."

मला तर गहिवरून आलं. महागड्या तेलाच्या बरोबरीने नापास होणं हे केवढं प्रमाणपत्र! आतून काकी ओरडल्या, "आदी जीभ धुवा! काल डंपरचं तेल चाटून आलाव, नि माज्या कालवनाला मीठ न्हाय बोलत होताव."

चुलतभावाने चावी खिशात टाकली. "बाबा बोलतान न्हाय, तं न्हाय. डंपरचं जाड तेल वत, लगेच निंगतो."

आता वाद पुस्तकाचा करून उपयोग नव्हता. मी मिठागराचा केला.

"काका, पानी आत घ्यायच्या उघाडीची फट केवढी ठेवायचाव?"

"बोटभर."

"तिच्यातून शेवटच्या वाफ्यातलं घट्ट पानी सोडलं तर?"

"येडा हायेस काय? मीठ धरून चोंदंल ना!"

"या इंजिनच्या नल्या त्याच्याहून बारीक. नि डंपरचं तेल जललं की राख सोडतं, ती धूर गालायच्या जालीत धरते."

चुलत्यांनी बोट पुन्हा माझ्या ग्लासात बुडवून अंगठ्यावर घासलं. एवढं हळू, की तेवढ्यात रस्त्यावरून दहा कंटेनर गेले. मग माझ्यावरच डाफरले, "मंग आदी बोलाचं ना, नली बारीक हाय! वत ह्येच."

माझं स्वस्त तेल ओतलं. ट्रेलर भरून बंदरात गेला, रिकामा होऊन आला. इंजिनचा धोक्याचा दिवा लागला नाही, धूर नाही. वॉरंटी शाबूत, आणि विकला जायचा मीही वाचलो.

चुलत्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी धर्म बदलला. शेजारचा डंपरवाला आपल्या म्हाताऱ्या गाडीसाठी नेहमीचं जाड तेल घेऊन आला, तर ग्लास हातात घ्यायच्या आधीच निकाल.

"नापास. पातल आन."

"काका, परवापर्यंत जाड बोलत होताव!"

"परवा नलीचं कोन बोललं मना?"

डंपरवाल्याने मला रस्त्यात गाठून शिव्या घातल्या. मी म्हटलं, "तुज्या गाडीला जाडच लागत असंल. पुस्तक काढ, दर्जा बघ."

"पुस्तक कवाच रद्दीत गेलं," तो म्हणाला. "काका तरी घरी असतान."

आणि पातळ तेल आणायला निघाला.