बाबांच्या वाक्याची तळटीप

सुक्या जवळ्याचा वास आला की खाडीकाठचं कोलशेतचं घर आठवतं. बाबा जाळं विणत होते. मी खाडीतल्या मासेमारीच्या हक्कांवरचा माझा लेख कायद्याच्या नियतकालिकासाठी तयार करत होते. कोणत्या घराने जाळं कुठे लावायचं, हे बाबांनीच सांगितलेलं, आणि त्यांचं ते वाक्य मी लेखात तसंच घेतलं होतं. संपादकांना मात्र छापील आधार हवा होता.

“बाबा, हे कुठे लिहिलेलं आहे का?”

“लिवायला कशाला पायजे? मी सांगतो ना.”

“तसं चालत नाही हो.”

“मंग मी खोटा बोलतो का गो?”

शेवटी मी त्या वाक्याच्या तळटिपेत ‘लेखिकेचं निरीक्षण’ एवढंच लिहिलं.

बाबा आता नाहीत. काल माझ्या एका विद्यार्थिनीने तिचा लेख तपासायला दिला. त्यात बाबांचं तेच वाक्य आहे, आणि खाली आधार म्हणून माझं नाव.