मिनोरी जिथे थांबायची

माकाबे किनूला घोड्यांची भीती वाटते हे आमच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी माहेरच्या घोड्याने तिच्या मांडीवर लाथ घातली होती, तेव्हापासून. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती इकडे आली, तीसुद्धा बर्फावरच्या घसरगाडीत घोड्याकडे पाठ करून बसून. तिचा नवरा ताकेजी माझा मित्र. मी या भागाचा नालबंद, त्यामुळे त्यांच्या घरचा चहा मी निदान पाचशे वेळा प्यालो असेन.

तीस वर्षं किनूने तबेल्याचा उंबरा ओलांडला नाही. पण घोडीचं खाणं शिजवायची तीच. ओट, गाजराचे तुकडे, बटाट्याची सालं असं सगळं मोठ्या पातेल्यात रटरटत असायचं. बादली तबेल्याच्या दारात ठेवायची आणि "जेवायला वाढलंय" असं ओरडून मागे सरायची. ते नवऱ्यासाठी असायचं की घोडीसाठी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. दोघंही बाहेर यायची.

घोडीचं नाव मिनोरी. काळपट राखाडी रंगाची, पाय झाडाच्या बुंध्यासारखे, स्वभावाने गरीब. गेली काही वर्षं माझं नाला ठोकायचं काम कमीकमी होत चाललं होतं, कारण एकेक घर ट्रॅक्टर घेत होतं. ताकेजीने घेतला नाही. त्याचा नांगरही बापाच्या वेळचा, लाकडी मुठींचा.

किनूच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेत दिसतं. हातातली कामं चालू ठेवून ती नांगरणीवर नजर ठेवायची, आणि नांगराचं एखादं तास जरा वाकडं गेलं तर दुपारी मिसोचं सार वाढताना म्हणायची, "आज साप पेरलेत वाटतं शेतात." बाईची नजर तशी धारदार. तिच्या नजरेतून काही सुटत नाही असं ती स्वतःही मानायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत ताकेजी लाकडं रचता रचता गेला. अठ्ठावन्न वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बऱ्याच वर्षांपासून थकलेलं असणार. किनूने ते साफ नाकारलं. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची की रोज मी बघत होते, माझा माणूस एक मिनिट कधी बसला नाही, डॉक्टरला काय कळतं. हे सांगताना तिची मान ताठ व्हायची. मी कोपऱ्यात बसून खारवलेला मुळा चावत राहायचो.

कारण मला ठाऊक होतं. आदल्याच्या आदल्या शरदात नांगराचा फाळ बघायला मी शेतात गेलो होतो. शेताच्या मध्ये एक खोलगट भाग आहे. तिथे ताकेजी घोडीच्या गळ्यात दोन्ही हात टाकून, कपाळ तिच्या मानेला टेकवून उभा होता. चेहरा राखेसारखा. बराच वेळ गेल्यावर तो सरळ झाला, घोडीच्या पुठ्ठ्यावर दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "चल, म्हातारी बघत असेल." घोडी निघाली. मग त्याने मला पाहिलं.

"किनूला बोललास तर बघ," तो म्हणाला. "ती मला नांगराला हात लावू देणार नाही. मग मी काय करू, खिडकीत बसून शेत बघू?"

मी वचन दिलं. मूर्खपणा केला. पण दिलं.

मेमध्ये बर्फ वितळलं. आमच्याकडे काक्को पक्षी ओरडला की आझुकीची लाल चवळी पेरायची, त्याच्या आत जमीन तयार हवी. शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर पाठवतो म्हणून सांगितलं. मुलीने सापोरोहून पत्र लिहिलं की शेत सोड आणि इकडे ये. किनूने कोणाचं ऐकलं नाही. नवऱ्याचे लांब बूट घातले, आत कापड कोंबलं, आणि मला म्हणाली, "भावजी, घोडी जुंपायला शिकवा."

शिकवलं. घोडीच्या गळ्यात चामड्याचं कडं चढवताना ती डोळे गच्च मिटून घ्यायची. मिनोरी बिचारी स्वतःच मान खाली करून कड्यात घालायची. चार दिवसांत बाई डोळे उघडे ठेवायला लागली. मला वाटलं, जमलं.

पण शेतात वेगळाच प्रकार. घोडी बांधापासून नीट निघायची आणि मध्यावर जाऊन उभी राहायची. नांगराच्या प्रत्येक तासाला, तिथेच. किनू आधी ओरडली, मग दोरी झटकली, मग चाबूक काढला. घोडी ढिम्म. मान खाली घालून उभी. शेवटी गाजर दाखवून, तोंडाला धरून ओढत न्यावं लागे. सवयीने चालणाऱ्या घोडीला लागलेली ही खोड बघून गावात चेष्टा सुरू झाली. कोणी म्हणे, घोडीने मालकाचं सुतक धरलंय. कोणी म्हणे, दोन अडेल बायका एका शेतात कशा नांदणार.

किनूला ते लागलं. मला म्हणाली, "त्याच्यासाठी दिवसभर राबायची. माझ्या हाताखाली काम करायला कमीपणा वाटतो तिला." घोडीच्या पाठीवर चाबकाचे वळ उठले होते. ते बघून मी घरी आलो आणि माझ्याच बायकोवर खेकसलो.

मी तेव्हाच का बोललो नाही? वचन होतं, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की मी सांगितलं असतं तर तिने एकच प्रश्न विचारला असता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

नऊ दिवसांत निम्मं शेतही झालं नाही. किनूने घोड्यांच्या दलालाला बोलावणं धाडलं. मिनोरी अठरा वर्षांची होती. "चांगल्या घरी देतो," असं दलाल म्हणतात, पण त्या वयाची घोडी कुठे जाते हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

तो यायच्या दिवशी सकाळी किनूने मला नाला काढायला बोलावलं. नाला नव्या होत्या, ताकेजीने शेवटच्या ठोकून घेतलेल्या. त्या तिला घरात हव्या होत्या. मी पुढच्या डाव्या पायाची नाल काढली. उजवा पाय उचलून मांडीत घेतला, आणि मिनोरीने नेहमीसारखं आपलं तोंड माझ्या पाठीवर टेकवलं. मी सांडशी खाली ठेवली.

"वहिनी," मी म्हणालो, "ती अडेल नाही. ती त्याला दम खायला थांबते."

सगळं सांगितलं. खोलगट भाग, राखेसारखा चेहरा, वचन. किनू तबेल्याच्या दारात, हातात बादली धरून ऐकत होती. वाफ निघत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हो."

"दीड वर्ष. माझ्या घरात चहा पीत होतात. मला का नाही सांगितलंत, भावजी? तो जिवंत असताना?"

हाच तो प्रश्न. मी पाय खाली ठेवला.

तिने बादली खाली ठेवली. तबेल्यात आली, घोडीच्या पाठीवरच्या वळांवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काढलेली नाल परत ठोका."

तिने घोडी जुंपली. मीही मागोमाग गेलो. मध्यावर मिनोरी थांबली. किनूने ओढलं नाही, मारलं नाही. ती वळली आणि घराच्या दिशेने बघू लागली. त्या खोलगट जागेतून खिडकी दिसत नाही. छप्परसुद्धा नाही. फक्त धुराड्याचं टोक दिसतं.

"इथून घर दिसत नाही," ती म्हणाली. मग, "मेला लबाड." आणि ताकेजी जसा उभा होता तशी घोडीच्या गळ्यात हात टाकून ती रडली. जन्मभर घोड्यांना घाबरत आलेली बाई, घोडीच्या मानेत तोंड खुपसून. मी बांधाकडे बघत राहिलो. मलाही रडू आलं होतं, ते कशाला लपवू.

रडून झाल्यावर तिने नांगराच्या मुठी धरल्या. "चल, मिनोरी," म्हणाली. घोडी हलली नाही. "चल बाई, आता घरात बघायला कोणी नाही." तरी नाही. किनूने माझ्याकडे पाहिलं. मी पुठ्ठ्यावर दोनदा थोपटायची खूण केली आणि शब्द सांगितले.

तिला ते शब्द पटकन म्हणता येईनात. मग पुढे होऊन थोपटलं.

"चल," ती म्हणाली, "म्हातारी बघत असेल."

मिनोरी निघाली.

दलाल आला त्याला चहा आणि भाताचे दोन गोळे देऊन वाटेला लावलं. काक्को ओरडला तेव्हा एक पट्टा नांगरायचा राहिला होता, तिथे ओट टाकले. मिनोरी पुढे पाच वर्षं जगली आणि तबेल्यातच मेली. खोलगट जागेच्या कडेला किनूने तिच्या नावाचा दगड बसवला. माझ्याशी ती पहिला महिनाभर कामापुरतंच बोलली. मग एके दिवशी चहा पुढे केला.

आता तिच्याकडे पॉवर टिलर आहे. शेताच्या मध्यावर गेली की ती इंजिन बंद करते आणि एक सिगरेट ओढून होईल इतका वेळ उभी राहते. मग दोरी ओढून यंत्र पुन्हा सुरू करायचं, दोनतीनदा ओढावी लागते, या वयात दमछाक होते. गावातले विचारतात, वहिनी, टिलरही अडेल निघाला की काय?

"नाही," ती म्हणते, "त्याला मीच सवय लावलीय."